खेंकड्याचें सांडपाणी

गेल्या सुटींत आमच्या घरचीं मुलें कोंकणांत गेलीं होतीं. परततांना धाकट्या पुतण्यानें खाडीच्या कांठीं सांपडलेला एक लहानसा खेंकडा समुद्राच्या पाण्यासह काचेच्या बरणींत घालून आणिला. वाटेंत त्याची उपासमार होऊं नये म्हणून कोळ्यांच्या पोरांकडून मिळालेले मासळीचे तुकडेही त्यानें आंत टाकिले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों खेंकडा मेलेला. "काका, मीं त्याला पाणी दिलें, खायला दिलें, मग तो मेला कशानें?" असें त्यानें रडत रडत विचारिलें. पाण्यांतील प्राणवायु संपला, हें एक कारण उघड होतें. परंतु दुसरेंही एक कारण असावें असें वाटून आम्हीं थोडें वाचन केलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

डाळ असो, दूध असो, अन्नांतील प्रथिन शरीरांत मोडलें म्हणजे त्यांतील नत्रापासून अमोनिया तयार होतो. नवसागर व चुना एकत्र चोळिला असतां नाकास झोंबणारा जो वायु निघतो, तोच हा. शरीरांत तो सांठला तर विषच. म्हणून मनुष्याचें यकृत त्याचा युरिया करितें. पक्षी व पाली यांच्या शरीरांत त्याऐवजीं युरिक आम्ल होतें. पालीच्या विष्ठेचें पांढरें टोंक तें हेंच. असें रूपांतर करण्यास शक्ति खर्चावी लागते. समुद्राएवढी मोरी दाराशींच असल्यावर हा खर्च कोण करील? पाण्यांत राहणारा खेंकडा बहुतेक अमोनिया आहे तसाच बाहेर सोडतो. त्याच्या मिशांच्या मुळाशीं मूत्रपिंडासारख्या ग्रंथि असतात. पण या कामांत त्यांचा वांटा अल्प. मुख्य मोरी म्हणजे त्याचे कल्ले.

आंत विष अधिक व बाहेर कमी, तोंवर तें आपोआप पाझरत जाईल, हें समजण्यासारखें आहे. परंतु ओहोटीच्या वेळीं दगडाखालच्या ओंजळभर पाण्यांत अडकलेल्या खेंकड्याचें काय? गटार तुंबलें कीं मोरींतलें पाणी उलटून घरांत येतें, हा अनुभव कोणास नाहीं? यूरोपच्या किनाऱ्यावरील हिरव्या खेंकड्याचा कल्ला शरीरापासून वेगळा करून, त्याच्या एका बाजूनें कृत्रिम रक्त व दुसऱ्या बाजूनें खारें पाणी खेळवून, डिर्क वायराउख व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोग केले. बाहेर अमोनिया अधिक असतांही कल्ला आंतला अमोनिया बाहेर लोटतो, असें त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. ही मोरी नुसती उतरती नाहीं. तिला चढावर पाणी चढवितां येतें.

हें कसें घडतें? कल्ल्याच्या पेशींत, रक्ताच्या बाजूस, प्रथिनाचा एक पंप असतो. सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आंत घेणें हें त्याचें नित्यकर्म. रक्तांतील बहुतेक अमोनिया 'अमोनियम' या विद्युद्भारित कणांच्या रूपांत असतो, व हा कण आकारानें जवळजवळ पोटॅशियमच्या कणाएवढा. म्हणून पोटॅशियमच्या जागीं तोही आंत घेतला जातो. पुढच्या प्रवासाविषयीं त्याच संशोधकांनीं २००२ सालीं एक उपपत्ति मांडिली. पेशींत सूक्ष्म पिशव्या असून दुसरा एक पंप त्यांत आम्लता भरतो. अमोनिया पिशवींत शिरला कीं आम्लामुळें त्याचें अमोनियम होतें, व तें आंतच अडकतें. भरलेल्या पिशव्या पेशींतील तंतूंवरून, रहाटाच्या गाडग्यांप्रमाणें, कडेस येऊन पाण्यांत रित्या होतात. आपल्याकडील कळलावीच्या कंदांतही सांपडणाऱ्या कोल्चिसीन या द्रव्यानें ते तंतु बिघडविले असतां हें काम मंदावलें. त्यावरून या कल्पनेस आधार मिळाला.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. पेशींच्या पडद्यांतून अमोनियास वाट देणारीं मानिलेलीं जीं प्रथिनें खेंकड्यांच्या कल्ल्यांत आढळलीं, तीं 'ऱ्हीसस' कुळांतलीं आहेत. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'आर-एच' हीं अक्षरें असतात. लँडस्टायनर व वीनर यांनीं १९४० सालीं उजेडांत आणिलेला तो हाच ऱ्हीसस घटक. चिठ्ठीवरचें प्रथिन आणि खेंकड्याचें प्रथिन एक नव्हे, पण घराणें एकच. त्याच घराण्यांतील दोन मानवी प्रथिनें अमोनियाची ने-आण करितात, हें २००० सालीं दिसून आलें. त्यांपैकीं एक तांबड्या रक्तपेशींत, तर दुसरें आपल्या मूत्रपिंडांत असतें.

आतां बरणीकडे वळूं. तेवढ्याशा पाण्यांत अमोनिया वाढत चालला. मासळीचे तुकडे कुजून त्यांत आणखी भर पडली. खेंकड्याचे पंप चालण्यास शक्ति हवी, शक्तीस प्राणवायु हवा, आणि तोही संपत आलेला. पुतण्यास हें समजावून सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मीं खायला घातलें, तेंही त्याला बाधलें?" मुलाचें मन राखण्यासाठीं खोटें बोलवेना. आम्हीं "होय, कांहीं अंशीं" असेंच सांगितलें.

ज्यांच्या घरीं मुलांनीं मासे पाळिले असतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: खाणें बेताचें घालावें, उरलेलें काढून टाकावें, व थोडें थोडें पाणी नियमानें बदलावें. कोंडलेल्या जीवाची मोरी साफ ठेवण्याचें काम कोंडणाऱ्याकडेच येतें. आमच्या पुतण्यानें मात्र पुढच्या सुटींत खेंकडे खाडीवरच बसून पाहावयाचें ठरविलें आहे.