कठडा सरकवू नका

रस्त्याचे काम सुरू झाले, की खड्ड्याभोवती लोखंडी कठडे उभे राहतात. शाळेला उशीर होत असला, की हे कठडे आपल्याला शत्रूसारखे वाटतात. दोघे मिळून एक कठडा सरकवतात आणि सगळा वर्ग त्या फटीतून जातो. वाटेतला दगड-काटा दूर करावा, असे आपण घरी आणि मदरशात शिकतो. मग हा अडथळा दूर केला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेसमोर पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता. आमच्याच मुलांनी सकाळी एक कठडा सरकवला. संध्याकाळी वीज गेली. फळे विकून घरी निघालेल्या एका म्हातारीला कठड्यांमध्ये मोकळी जागा दिसली. येण्याजाण्यासाठीच जागा ठेवली असेल, असे समजून ती पुढे गेली आणि चरात पडली. तिचे मनगट मोडले. वाटेतला काटा म्हणजे तो चर होता, कठडा नव्हे.

कठडा नीट पाहा. शेजारच्या दोन कठड्यांना हुकाने जोडतात, म्हणजे धक्का लागला तरी ते एकमेकांना धरून ठेवतात. त्यावरची चमकणारी पट्टी गाडीच्या दिव्याचा उजेड परतवते. जमिनीलगतची आडवी पट्टी अंध माणसाच्या काठीला लागते. दोरी बांधली, तर काठी तिच्या खालून निघून जाते. म्हणून दोरी किंवा चार दगड कठड्याची जागा घेऊ शकत नाहीत.

दोष फक्त मुलांचा आहे, असे मी म्हणत नाही. पायी चालणाऱ्यांना वाटच ठेवली नाही, तर लोक फट पाडणारच. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था 1934 मध्ये स्थापन झाली. रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळावी, यासाठी तिने नियम केले आहेत. ते 2014 मध्ये सुधारण्यात आले. कामाच्या बऱ्याच आधी सूचनेचे फलक लावावेत, पादचाऱ्यांचीही सोय करावी, असे त्यांत सांगितले आहे. ठेकेदाराने हे पाळलेच पाहिजे. काम संपल्यावर कठडे रस्त्यावर पडून राहणेही योग्य नाही.

मग आपण काय करावे? फट दिसली, तर त्यातून जाऊ नका. मोठ्या माणसांना सांगून ती बंद करवून घ्या. खड्डा उघडा असेल किंवा चालायला वाट नसेल, तर नगरपालिकेला अर्ज करा. अर्ज कसा लिहावा, हे तुम्ही मराठीच्या तासाला शिकताच. पुढचा अर्ज केवळ गुणांसाठी लिहू नका. खाली वर्गातील सर्वांच्या सह्या घ्या आणि तो खरोखर पाठवा.