समाधानी वर्ग, कच्चा अभ्यास

नागावच्या मुलांना कॉलेजसाठी अलिबाग गाठावं लागतं. काही तास वर्गात आणि काही मोबाईलवर असं वेळापत्रक झालं तर ते त्यांना सोयीचंच पडेल. एसटीचे पैसे वाचतात, घरच्या कॉटेजवर पाहुणे असले की आईला हात देता येतो आणि लेक्चरचं रेकॉर्डिंग रात्री दुप्पट वेगाने बघून होतं. फीडबॅकच्या फॉर्मवर 'अत्यंत समाधानी' अशी टिक पडली तर ती खोटी नाही.

ती टिक शिकण्याचा पुरावा मानली जाते, तिथे धोका सुरू होतो. कॉलेजांच्या नॅक मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण असतं, त्यामुळे हा मोह मोठा आहे. त्यात यूजीसीने 2021 मध्येच विषयाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याचा प्रस्ताव मांडला होता.

पण समाधान म्हणजे शिकणं नव्हे. 2019 साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांनी सफाईदार व्याख्यान ऐकलं, काहींनी तोच भाग गटात झटापट करून सोडवला. चाचणीत झटापट करणारे सरस ठरले, तरी आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. डोक्याला ताण पडला की मुलाला वाटतं, आपल्याला जमत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये हा ताण उरतच नाही. बीकॉमची मुलगी स्क्रीनवर घसाऱ्याचं गणित बघते, तेव्हा प्रत्येक पायरी तिला पटते. कोरा कागद हातात आला की ती अडते. घसारा नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला दाखवते, पण ताळेबंदात यंत्राच्या किमतीतून वजा करायला विसरते. वर्गात बाकांमधून फिरणाऱ्या सरांना ही चूक वहीत दिसली असती.

मी संमिश्र शिक्षणाच्या, म्हणजे काही तास वर्गात आणि काही ऑनलाइन शिकवण्याच्या, विरोधात नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 2009 च्या आढाव्यात अशा वर्गांचे निकाल निव्वळ प्रत्यक्ष वर्गांपेक्षा बरे आढळले होते. मात्र त्या मुलांना बहुधा जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं. आपल्याकडे तास कापण्यासाठीच ही पद्धत आली, तर तो फायदा मिळणार नाही. म्हणून प्रत्येक ऑनलाइन भागानंतर वर्गात मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटांची लेखी चाचणी घ्यावी आणि अडलेल्यांना त्याच आठवड्यात समोर बसवून शिकवावं.

आणखी एक गोष्ट. समाधानाचा फॉर्मही ऑनलाइनच असतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अलिबागच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात गेली. तशा दिवसांत ज्याचा तास बुडतो, त्याची तक्रारही फॉर्मपर्यंत पोचत नाही. म्हणून प्राचार्यांनी समाधानाची टक्केवारी बघण्याआधी फॉर्म न भरलेल्या मुलांची यादी मागवावी.