लोकसभेस स्थानिक उमेदवार हवा, म्हणजे कसा हवा?

निवडणूक जवळ असो वा दूर, आमच्या लोणखेड्यात व पलीकडे शहाद्याच्या बाजारात 'उमेदवार आपल्या भागातला हवा' हे वाक्य बारमाही ऐकू येते. वाक्य चांगले आहे. परंतु ते उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याच्या अर्थाचा विचार केला असावा, अशी आम्हांस शंका येते. सबब त्याविषयी चार शब्द कृषिवल बंधूंपुढे ठेवीत आहोत.

कायद्याने स्थानिकपणाची अट घातलेली नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभेचा उमेदवार देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत मतदार असला म्हणजे पुरे. नाशिककरांनी १९६३ मध्ये कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांस बिनविरोध निवडून दिले. पुण्याच्या मधु लिमये यांस तर बिहारातील मुंगेरने लोकसभेत पाठविले. तेव्हा परगावचा तो वाईटच, असे म्हणता येत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. नंदुरबारची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि तिच्यात मोडणारे अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री व शिरपूर हे विधानसभेचे सहाही मतदारसंघ राखीव आहेत. १९८१ पासून २००९ पर्यंत माणिकराव गावित सलग नऊ वेळा येथून निवडून आले. २०१४ व २०१९ मध्ये डॉ. हीना गावित आणि २०२४ मध्ये ॲड. गोवाल पाडवी. ही सर्व मंडळी याच मुलखातली. म्हणजे जन्मगावाच्या अर्थाने स्थानिक उमेदवाराची वाण आपणांस कधीच पडलेली नाही. मग तक्रार कशाची? पुष्कळांच्या मनात 'आपल्या भागातला' म्हणजे 'आपल्या जातीतला' असे असते, आणि जागा राखीव असल्यामुळे ते उघड बोलवत नाही, इतकेच. सातपुड्याच्या कुशीतल्या लोकांस ही जागा राज्यघटनेने दिली आहे; तिच्याबद्दल बागायतदाराने कुरकुर करणे आम्हांस शोभत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. २०२४ च्या लढतीतील दोन्ही प्रमुख उमेदवार विद्यमान आमदारांची अपत्ये होती. त्यांच्या योग्यतेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण धडगाव किंवा तोरणमाळकडील एखादा सामान्य आदिवासी शेतकरी उभा राहू म्हणाला, तर त्याची गत काय होते? राखीव जागेवरील अनामत १२,५०० रुपये, म्हणजे इतरांच्या निम्मी. ती कशीबशी भरता येते. ती परत मिळण्यास मात्र वैध मतांचा सहावा हिस्सा पडावा लागतो. २०२४ मध्ये या मतदारसंघात तेरा लाखांहून अधिक मते पडली, तेव्हा हा हिस्सा दोन लाखांच्या वर गेला, आणि पहिल्या दोघांखेरीज कोणाचीच अनामत वाचली नाही. लोकसभेच्या एका उमेदवारास ९५ लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, हा आकडा तर कोरडवाहू शेतकऱ्याने उच्चारूही नये.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दफ्तरात गेली, व निवडणुकीच्या कामावर कारकुनास बोलावणे येतेच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक चालतो. अपक्षास दहा लागतात, आणि ते दहाही याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. छाननीच्या दिवशी एखादा सूचक दुसऱ्याच यादीतला निघतो, वा शपथपत्रातील रकाना कोरा राहतो, आणि अर्ज बाद होतो. गरिबाचा अर्ज बहुधा असाच मरतो. येथे बिगर आदिवासी शेतकऱ्याने करण्याजोगे काम आहे, कारण उमेदवारी राखीव असली तरी सूचक होण्यास जातीचा दाखला लागत नाही.

परंतु सूचक होण्यापूर्वी उमेदवारास काय विचारावे, हेही कळले पाहिजे. सातबारावरील चुकलेली नोंद, विजेच्या पंपाची जोडणी, तापीवरील प्रकाशा व सारंगखेडा बंधाऱ्यांत अडविलेले पाणी शेतापर्यंत नेणे, ही कामे मुख्यतः राज्य सरकारची. लोकसभेचा उमेदवार सभेत ती पदरात टाकू लागला, तर खुशाल समजावे की त्यास आपले काम ठाऊक नाही, किंवा ते आपणांस ठाऊक नाही असे त्यास वाटते. उसाचा किमान दर दिल्लीत ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, तेही दिल्लीहूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले व पुढे ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. म्हणजे ऐन वेचणीत व विक्रीत आपला कापूस परदेशी कापसासमोर उघडा पडला. अशा दिवशी सभागृहात उभे राहून बोलेल तो आमच्या मते स्थानिक, मग त्याचे घर मोलगीस असो वा साक्रीस. तापी पुढे उकाईस गुजरातेत जाते. दोन राज्यांच्या नदीचा प्रश्न आला की तोही दिल्लीच्या दारी जातो.

आपल्या संघाने पुढील वार्षिक सभेत कापूस, ऊस व तापी या तीन विषयांवरील प्रश्न लेखी तयार करावेत, ते प्रत्येक उमेदवारास पाठवावेत आणि येतील ती उत्तरे याच मासिकात जशीच्या तशी छापावीत. ज्याचे उत्तर येणार नाही, त्याच्या नावापुढे जागा कोरी ठेवावी. आणि डोंगरातला कोणी जाणता शेतकरी स्वतःच्या बळावर उभा राहू लागला, तर त्याचे दहा सूचक लोणखेडा व शेजारच्या गावांतून मिळतात काय, याची चौकशी संघाच्या चिटणीसांनी आताच करून ठेवावी. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर कोणी आत घेत नाही.