वास गेला म्हणजे वायू गेला नाही

आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हा सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या माणसाला आणले की बऱ्याचदा पाठोपाठ दुसरे स्ट्रेचर येई. पहिल्याला काढायला उतरलेला भाऊ, नाहीतर जोडीदार. सोबतची मंडळी सांगत, "सिस्टर, आधी वास होता हो, नंतर गेला होता."

घात तिथेच होतो. मैल्यातला हायड्रोजन सल्फाईड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाकाला वासच कळेनासा होतो. पाचशेच्या वर माणूस कोसळतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत संपतो. काडी पेटवून पाहणे तर आणखी वाईट, टाकीत मिथेन असला तर भडका उडतो.

म्हणून कार्बन नॅनोट्यूबचे सेन्सर आम्हाला आपल्या कामाचे वाटतात. या कार्बनच्या नळ्या केसाच्या हजारो पट बारीक असतात. वायूचे कण त्यांना चिकटले की त्यांतून वाहणारी वीज कमी-जास्त होते, त्यावरून वायू ओळखतात. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० साली हे अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साईडवर दाखवले. जुन्या प्रकारचे काही सेन्सर दोनशे अंशांच्या वर तापवावे लागतात, याला ते लागत नाही. पातळ प्लास्टिकवर, कापडावरही तो बसतो, वाकवला तरी चालतो. म्हणजे उद्या कामगाराच्या बाहीवर पट्टी लावता येईल. अडचण अशी की ओलाव्याने तो फसतो, एका वायूच्या जागी दुसरा दाखवतो. आणि गटारात ओलावा सोडून असते काय?

पण त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या नियमांत चार वायू मोजणारा मीटर सुरक्षा साहित्याच्या यादीत आहेच. हातात मावणारे असे मीटर बाजारात कधीचे मिळतात. तुमच्या वस्तीत कोणत्या ठेकेदाराने तो आणलेला पाहिलात?

आमची भीती वेगळीच आहे. उद्या पट्टी स्वस्त झाली की मुकादम म्हणेल, "लाल झाली नाही ना? मग उतर." अंगावरची पट्टी माणूस आत गेल्यावरच बोलणार. शिवाय वरून मोजताना हवा बरी दिसते आणि गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. टाकी उपसायची ती सक्शन गाडीनेच, माणूस आत घालून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूची भरपाई तीस लाख केली, पण भरपाई घ्यायला घरात विधवाच उरते.

तेव्हा वस्तीच्या संडासाची टाकी उघडायला कोणी आला तर आधी गाडी कुठे आहे ते विचारा, मीटर दाखवायला सांगा. नसेल तर झाकण उघडू देऊ नका. आणि कोणी आत पडलाच, तर सख्खा भाऊ असला तरी मागे उडी घेऊ नका. १०१ ला फोन करून हवेचे नळकांडे पाठीला बांधून उतरणारी अग्निशमनची माणसे बोलवा, गर्दीला टाकीपासून लांब ठेवा.