चौकातील बेट आणि त्याची किंमत

मुलचेऱ्याशेजारील आलापल्लीच्या चौकात आष्टी, सिरोंचा, एटापल्ली आणि अहेरीच्या वाटा मिळतात. त्यात सुरजागडच्या लोहखनिजाने भरलेल्या मालमोटारींची भर पडली आहे. तेथे वाहतूक बेट असावे काय, हा विचार केवळ अभियंत्यांवर सोपविता येणार नाही. बेटामुळे वाहनांचा वेग मंदावतो, समोरासमोरची टक्कर टळते, हे खरे. परंतु लांब मालमोटारींना वळण्यास विस्तीर्ण बेट लागते आणि त्यासाठी जागा जाते ती रस्त्याकाठच्या टपरीवाल्याची. लाभ खाणीचा आणि तोटा टपरीवाल्याचा, हा हिशेब न्याय्य नव्हे. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली, ती खाणीची झळ सोसणाऱ्यांसाठीच. भरपाई आधी, बेट नंतर, हाच आग्रह ग्रामस्थांनी धरावा.