कात्री लावायला धीर लागतो

कोजागिरी ते तुळशीचं लग्न, हा महिना म्हणजे गच्चीवरच्या बागेचं खरं नवीन वर्ष, असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये काय, सगळेच बागायतदार असतात! नर्सरीतून चार कुंड्या आणायच्या, बाकीचं काम पाऊस करतो. खरी परीक्षा पाऊस गेल्यावर.

आणि या परीक्षेत आपण पुण्यातले बहुतेक हौशी लोक एकाच पेपरात नापास होतो... छाटणी.

गुलाबाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात तो माजतो, लांबच लांब फांद्या फेकतो. सगळं हिरवंगार दिसतं, मग कापायचं जिवावर येतं. पण गुलाबाला चांगली फुलं येतात ती नव्या फुटीवर. जुनं लाकूड ठेवलं की झाड फक्त उंच होत जातं.

मी हे स्वतः करून बसलोय. आमच्या गच्चीवरचा गुलाब बाबांनी लावलेला. ते गेल्यावर दोन वर्षं मला त्याला कात्री लावायचा धीर झाला नाही. पाणी मात्र रोज, न चुकता. परिणाम? काठ्यांसारख्या फांद्या आणि टोकाला एखादं बोराएवढं फूल. तिसऱ्या वर्षी आईच म्हणाली, "अरे, ते दर दिवाळीच्या आधी कापायचे की! तू नुसता जपत बसलायस."

मग कापला. वाळक्या, बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढल्या. चार-पाच जोमदार ठेवल्या, त्याही दीड फुटावर. काप तिरका, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर. वरची दोन इंच माती काढून शेणखत घातलं. आठवडाभर कुंडीकडे बघवत नव्हतं. साधारण दीड महिन्याने, डिसेंबरात, पहिली फुलं आली. बाबांच्या वेळी यायची तेवढीच मोठी.

नाशिककडचा द्राक्षवाला शेतकरी हेच दरवर्षी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. आणि तिथे वर्षाची कमाई पणाला लागलेली असते. आपली तर एक कुंडी!

आम्ही प्रोग्रामर मंडळीही याच रोगाचे पेशंट. जुना कोड काढून टाकत नाही, 'लागेल कधीतरी' म्हणून कमेंट करून ठेवतो. वर त्याला काळजी घेणं म्हणतो. माझ्या मते ती काळजी नसते, भीती असते.

तेव्हा या शनिवारी कात्री घ्या, स्पिरिटने पुसा आणि गच्चीवर जा. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडा, पाणी जरा कमी करा. मोगऱ्याला मात्र आत्ता हात लावू नका, त्याचा नंबर जानेवारीत.

आणि गुलाब कापताना हात थरथरला तर थरथरू दे. माझा अजूनही थरथरतो.