दुसऱ्या मैफलीचे यजमान कोण?

जिल्ह्याच्या ठिकाणी तरुण गायक-वादकांनी एकत्र येऊन शास्त्रीय संगीताचा वृंद उभारावा, ही घटना आता दुर्मीळ राहिलेली नाही. अहिल्यानगर शहरात, तसेच संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावसारख्या तालुक्यांच्या गावीही प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देणारी मुले-मुली मध्यमवर्गीय घरांतून आढळतात. त्यांतील चार-दोन जण जमतात, एखादा तबलावादक आणि बासरीवादक त्यांना मिळतो आणि गुरुपौर्णिमेला किंवा दिवाळीच्या पहाटे पहिला कार्यक्रम होतो. सभागृह भरते. शाली, श्रीफळे, कौतुकाची भाषणे यथासांग पार पडतात. दुसऱ्या कार्यक्रमाला आप्तेष्ट तेवढे येतात आणि तिसरा बहुधा होतच नाही. कितीतरी वृंदांचा मैफलींचा इतिहास असा दोन ओळींत आटोपतो. त्याचे खापर तरुणांच्या चंचलतेवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु पहिली मैफल कलावंत स्वतःच्या उत्साहावर उभी करू शकतात. दुसरी आणि दहावी समाजाने उभी करायची असते, हे सत्य त्या खापराखाली झाकले जाते.

पूर्वी कलेचे यजमानपद राजसत्तेकडे होते. नगर जिल्ह्याने त्याचे एक उदात्त उदाहरण जपले आहे. चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी संगमनेरच्या शाहीर अनंत फंदींना लौकिक रंजन सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला आणि फंदींनी तो मानला, असे परंपरा सांगते. आश्रयदात्याने केवळ बिदागी द्यायची नसते, तर कलेच्या प्रयोजनाविषयीही आस्था बाळगायची असते, हा या कथेचा अर्थ आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. नाव घेणे सोपे असते; त्या नावामागची दृष्टी घेणे अवघड असते.

राजाश्रयाने तरुणांचा वृंद कसा उभा राहतो, याचे उदाहरण मध्य प्रदेशातील मैहर येथे आहे. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने तेथे अनेक मुले अनाथ झाली. मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी असलेल्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी त्या मुलांना शिकवून एक वाद्यवृंद घडविला. बंदुकीच्या नळ्यांपासून बनविलेले नलतरंग हे त्या वृंदाचे वैशिष्ट्य ठरले. मैहरच्या शारदामातेचे निस्सीम भक्त असलेले हे उस्ताद १९७२ मध्ये निवर्तले, संस्थान तर त्याआधीच विलीन झाले होते. तथापि शासनाच्या आधाराने तो वृंद पुढेही टिकला. निराधार मुलांना एका गुरूने स्वर दिले आणि एका व्यवस्थेने त्यांच्या भाकरीची सोय केली. या दोहोंपैकी एक जरी नसते, तरी हा वृंद उभा राहिला नसता.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा आणि अधिक बोलका आहे. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी राजाश्रयाकडे पाठ फिरवून ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत समाजाचे आहे, म्हणून ते समाजाच्याच बळावर चालावे, ही त्यांची निष्ठा होती. तरुण शिष्यांना जवळ ठेवून घेऊन त्यांनी घडविले, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार उचलला आणि त्यासाठी गावोगाव मैफली केल्या. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास आक्षेप घेतला, तेव्हा त्याला न जुमानता 'वंदे मातरम्' पूर्ण गाणारे पलुस्कर हेच. संगीताची आणि राष्ट्राची प्रतिष्ठा त्यांच्या लेखी एकच होती.

अशा महापुरुषाच्या कार्याचे पुढे काय झाले? १९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आले, मोठी वास्तू उभी राहिली, तिच्यासाठी कर्ज काढावे लागले आणि अखेरीस कर्जापायी ती वास्तू हातची गेली. पंडितजींचा कंठ थोर होता, शिष्य निष्ठावान होते, जाहीर मैफलींना गर्दीही होत असे. तरीही एका माणसाच्या बिदागीवर संस्था तरली नाही. गर्दी जमविणारा समाज आणि भार वाहणारा समाज यांत अंतर असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. १९३१ मध्ये पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली, १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले आणि ते कार्य पुढे नेले. आज जिल्ह्याजिल्ह्यांत मुले ज्या परीक्षांना बसतात, त्या याच तपश्चर्येचे फळ होत. मात्र परीक्षेनंतरची वाट आजही धूसर आहे. प्रमाणपत्र भिंतीवर जाते आणि तंबोरा गवसणीत जातो.

ही वाट शोधण्यासाठी नगरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. गोदावरीच्या तीरावर, श्रीरामपूर परिसरातील सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी १८४७ मध्ये सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी नव्या गावी भरतो. सात दिवस आणि सात रात्री टाळ-मृदंगाचा गजर थांबत नाही. तो चालतो कसा? राजाच्या देणगीवर नव्हे, तर पंचक्रोशीतून येणाऱ्या भाकरींवर, मोठमोठ्या कढयांत शिजणाऱ्या आमटीवर आणि वाटून घेतलेल्या पहाऱ्यांवर. गावोगावच्या सप्ताहांत कोणत्या भजनी मंडळाने कोणत्या प्रहरी उभे राहायचे, हे आधी ठरलेले असते. वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ती खाली ठेवली जात नाही. येथे श्रोता आणि यजमान असे दोन वर्ग नाहीत. जो ऐकतो, तोच भाकरी आणतो.

भक्तीचा सोहळा आणि रागसंगीताची मैफल यांची तुलना कशी होईल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. सप्ताहाला श्रद्धेचे अधिष्ठान असते, तर ख्याल समजण्यासाठी कान तयार व्हावा लागतो, हे खरेच आहे. पण कान तयार होतो तो सातत्याने. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. वर्षानुवर्षे ठरलेल्या दिवसांत तो होत राहिला, म्हणूनच पुण्यात जाणता श्रोता घडला. नगरचे रसिक काही तासांचा प्रवास करून तेथे जातात, यात गैर काहीच नाही. मात्र आपल्याच गल्लीतील मुलगी यमन गात असताना समोरच्या खुर्च्या रिकाम्या राहाव्यात, ही रसिकता नव्हे.

सहकाराचा संस्कार तर या जिल्ह्याच्या रक्तात आहे. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो लहान शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. एकट्याच्या चार एकर उसाला जे साधले नसते, ते हजारोंच्या भागांनी साधले. संगीताच्या क्षेत्रात हाच मार्ग का चोखाळू नये? शंभर कुटुंबांनी वर्षाच्या आरंभी ठरावीक वर्गणी द्यावी. त्यातून महिन्याला एक बैठक, ठरलेल्या तिथीला, एखाद्या मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या सभागृहात व्हावी. फुकट प्रवेशिका कोणालाही नसाव्यात. गायकाइतकाच तबला, संवादिनी आणि तंबोऱ्याच्या साथीदारांनाही मानाचा मोबदला मिळावा. सत्काराची वेळ गायनाला मिळावी. एका वृंदाला वर्षातून किमान दोनदा, नव्या तयारीसह बोलावले जावे. आणि एक साधी वही असावी: तिथी, राग, ताल, कलावंत आणि उपस्थितांची संख्या. वृंदाचा खरा इतिहास अशा वहीत घडतो. छायाचित्रांच्या चिकटवहीत नव्हे.

शासनाचे अनुदान मिळाल्यास स्वागतच आहे. पण अनुदानाने मंच बांधला जातो, श्रोता बांधला जात नाही. ते काम कुटुंबांचे आहे. मुलाला परीक्षेस बसविणाऱ्या आई-वडिलांनी त्याला महिन्यातून एकदा दुसऱ्याचे गाणे ऐकायला नेले, तरी निम्मे काम होईल.

संघाचा घोष ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. १९२७ पासून चालत आलेल्या या परंपरेत शंख, वंशी आणि आनक वाजविणाऱ्याचे नाव कोणी पुकारीत नाही. भारतीय रागांवर आधारलेल्या त्याच रचना तो पुनःपुन्हा गिरवतो आणि संचलनाच्या दिवशी शेकडो वाद्यांचा एक स्वर होतो. त्या एका स्वरामागे पाहणारा कोणी नसताना केलेला सराव असतो आणि त्या सरावाला घर, शाखा व गाव यांचा आधार असतो.

तरुण वृंदांनाही अशाच आधाराची गरज आहे. कौतुक त्यांना पहिल्या दिवशी भरपूर मिळते. त्यांना हवे आहे ते दुसरे निमंत्रण, ठरलेली तिथी आणि समोर बसलेली तीच ओळखीची माणसे. सप्ताहासाठी भाकरी थापणाऱ्या या जिल्ह्याला तेवढे यजमानपद खचितच जड नाही.